स्नो की ब्लिझर्ड? दोन कॉर्न स्नेकचा मॉर्फ ओळखण्यासाठी मदत हवी

मांजराकाठ, लातूर

नमस्कार. माझ्याकडे कॉर्न स्नेक जातीचे दोन साप आहेत, एक मादी आणि एक नर, आणि दोघांच्याही मॉर्फविषयी, म्हणजे पाळीव सापांतल्या रंग-नक्षीच्या आनुवंशिक प्रकाराविषयी, गेल्या काही महिन्यांपासून माझ्या मनात शंका आहे. दोन्ही साप मी पिल्ले असताना एका परिचितामार्फत घेतले होते. डब्याच्या झाकणावर मॉर्फचे नाव लिहून दिलेले होते, परंतु आईवडील कोणते, एका वेळी किती पिल्ले निघाली, त्यांचे रंग कोणते होते, यांपैकी काहीही मला त्या वेळी सांगण्यात आले नाही आणि मलाही ते विचारण्याचे सुचले नाही.

मादी आता अडीच वर्षांची आहे. तिची लांबी सुमारे ९५ सेंटिमीटर आणि वजन २६० ग्रॅम आहे. ती ‘ब्लिझर्ड’ म्हणून मला दिली गेली. मोठी झाल्यावर ती एकसारखी पांढरी दिसेल, पाठीवर नक्षी जवळजवळ राहणार नाही, असे सांगितले होते. प्रत्यक्षात तिच्या पाठीवर फिकट गुलाबी ठसे आजही स्पष्ट दिसतात, आणि गेल्या वर्षभरात तिचा गळा व मानेच्या दोन्ही बाजू पिवळ्या होत चालल्या आहेत.

नर पावणेदोन वर्षांचा आहे. तो ‘अ‍ॅनरी’ म्हणून आला, आणि पहिले सात-आठ महिने तो खरोखरच करडा-काळपट होता. त्यानंतर मात्र त्याचा मूळ रंग दर कातीनंतर बदलत गेला, आणि आज तो वाळलेल्या कडब्यासारखा पिवळसर असून त्यावरचे ठसे तपकिरी आहेत. अ‍ॅनरीचा रंग असा बदलतो का?

हा पिवळेपणा आहारामुळे आला असावा, की मला सांगितलेली नावेच चुकीची आहेत, हे मला समजून घ्यायचे आहे. या हिवाळ्यानंतर या दोघांची जोडी लावण्याचा माझा विचार आहे आणि त्यातून पांढरी व करडी पिल्ले मिळतील अशी माझी अपेक्षा आहे. ती बरोबर आहे का, हेही कृपया सांगावे. सोबत दोघांची छायाचित्रे जोडली आहेत.

देवगिरी, छत्रपती संभाजीनगर

नमस्कार. आपण प्रश्न नीट मांडला आहे आणि वजन, लांबी, वय या नोंदी ठेवल्या आहेत, त्यामुळे उत्तर देणे सोपे जाईल. मी ११ वर्षांपासून कॉर्न स्नेक सांभाळतो, आणि या काळात माझी स्वतःची ओळख अनेकदा चुकलेली आहे. म्हणून आधी पद्धत सांगतो आणि मग आपल्या सापांकडे वळतो.

आपली छायाचित्रे रात्री, पिवळ्या दिव्याखाली काढलेली दिसतात. अशा प्रकाशात स्नो, ब्लिझर्ड आणि ओपल हे तिन्ही सारखेच दिसतात, आणि करड्या सापालाही कॅरॅमल या पिवळसर-तपकिरी मॉर्फची छटा येते. साप कात टाकून दोन-तीन दिवस झाले की सकाळच्या उजेडात, थेट ऊन न लागेल अशा सावलीत, पांढऱ्या कागदावर ठेवून छायाचित्र काढावे. चौकटीत पांढरा कागद असला म्हणजे फोनने रंग किती बदलला आहे तेही कळते. कात येण्याच्या आधीच्या आठवड्यात डोळे दुधाळ-निळसर होतात आणि संपूर्ण अंगावर राखेसारखी झाक येते. त्या दिवसांतील छायाचित्रावरून कोणीही मॉर्फ सांगितला तरी तो ग्राह्य धरू नये.

आता मूळ विषय. निसर्गातील कॉर्न स्नेक हा अमेरिकेच्या आग्नेय भागातला साप आहे. नारिंगी किंवा तांबूस-करड्या अंगावर खोगिरासारखे लाल ठसे, प्रत्येक ठशाला काळी किनार, आणि पोटावर पांढऱ्या-काळ्या चौकटी असे त्याचे रूप असते. पोटावरच्या या चौकटी रंगीबेरंगी मक्याच्या कणसासारख्या दिसतात, त्यावरून हे नाव पडले असे एक मत आहे, तर मका साठवण्याच्या कोठारांत उंदरांमागे हा साप येतो म्हणून ते पडले असे दुसरे मत आहे. नाव कशावरूनही पडले असो, पोटावरच्या चौकटी विसरू नका, कारण आपल्या नराच्या बाबतीत त्यांच्याकडेच परत यावे लागेल.

या सापाचा रंग मुख्यतः तीन गोष्टींनी बनतो : काळा-तपकिरी, लाल आणि पिवळा. म्हणून मॉर्फ ओळखताना ‘साप कोणत्या रंगाचा आहे’ असे न विचारता ‘यातून कोणता रंग गेला आहे’ असे विचारावे. काळा रंग पूर्ण गेला की अ‍ॅमेलॅनिस्टिक, म्हणजे बोलीत अ‍ॅमेल. हा साप लाल-नारिंगी-पांढरा दिसतो आणि त्याची बाहुली लाल किंवा गुलाबी असते. लाल रंग गेला की अ‍ॅनरी, म्हणजे करडा आणि काळा साप. काळा रंग पूर्ण न जाता केवळ कमी झाला असेल तर तो हायपो. त्याचे डोळे काळेच राहतात, आणि लालसर हायपोला अ‍ॅमेल समजण्याची चूक डोळे पाहिले की लगेच टळते.

काळा आणि लाल हे दोन्ही रंग गेले, म्हणजे एकाच सापात अ‍ॅमेल आणि अ‍ॅनरी एकत्र आले, की स्नो तयार होतो. ब्लिझर्डमध्ये अ‍ॅमेलबरोबर अ‍ॅनरी नसून चारकोल असतो. चारकोलही करडाच असतो, परंतु तो अ‍ॅनरीपेक्षा वेगळ्या जनुकामुळे होतो. चारकोलमध्ये गळ्यावरचा पिवळेपणा सहसा आढळत नाही, आणि अ‍ॅनरीमध्ये तो वयाबरोबर वाढतो. याच कारणामुळे स्नोचा गळा पिवळा होतो आणि ब्लिझर्ड बहुधा स्वच्छ पांढरा राहतो. पिवळा रंग आहारातील कॅरोटिनॉइड द्रव्यांमुळे साठत जातो असे मानले जाते, म्हणून पिल्लू असताना तो दिसत नाही आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी दिसू लागतो. म्हणजे आपला आहाराबद्दलचा अंदाज अर्धा बरोबर आहे : पिवळेपणा आहारातून आला असला, तरी तो गळ्यावर साठू शकला ही गोष्ट मॉर्फविषयी काही सांगते.

अ‍ॅमेल आणि लॅव्हेंडर हा जांभळट-करडा मॉर्फ यांच्या एकत्र येण्याने ओपल होतो, तोही मोठेपणी पांढरट दिसतो. त्यामुळे ‘पांढरा साप’ एवढ्या वर्णनात किमान तीन वेगळ्या जनुकीय जोड्या बसतात.

नराविषयी मला आत्ताच वाटते की तो अ‍ॅनरी नसून कॅरॅमल असावा. कॅरॅमलची पिल्ले अंड्यातून निघतात तेव्हा करडी-तपकिरी असतात आणि अनुभवी माणसालाही ती अ‍ॅनरी वाटतात. पुढे अ‍ॅनरीचा पिवळेपणा गळा आणि मान यांपुरताच राहतो, तर कॅरॅमलचा पिवळेपणा संपूर्ण अंगावर पसरतो आणि ठसे तपकिरी होतात. आपण दिलेली कडब्याची उपमा फार नेमकी आहे.

आपण लातूरचे आहात म्हणून देवणीचे उदाहरण देतो. देवणी जनावरांत पूर्ण पांढऱ्याला बालंक्या म्हणतात, तोंडावर काळे असलेल्याला वानेरा आणि अंगावर काळे ठिपके असलेल्याला शेवरा. बाजारात उभा असलेला शेतकरी जनावर पाहतो आणि नाव सांगतो, आणि ते नाव चुकत नाही, कारण ते दिसण्याचेच नाव आहे. कॉर्न स्नेकच्या मॉर्फची नावे तशी नाहीत. ‘ब्लिझर्ड’ म्हणणारा माणूस रंग सांगत नसून आतल्या दोन जनुकांविषयी दावा करत असतो, आणि तो दावा केवळ पाहून सिद्ध होत नाही.

कृपया पुढील कातीनंतर दोघांच्या डोळ्यांचे, पाठीचे आणि पोटाचे छायाचित्र टाका. पोट पाहण्यासाठी सापाला उलटे करू नका. पारदर्शक प्लास्टिकच्या डब्यात ठेवा, डबा वर धरा आणि खालून छायाचित्र घ्या. पिल्लू असतानाचे जुने छायाचित्र असेल तर तेही हवे आहे.

गोदाकाठ, नांदेड

मी सर्पमित्र म्हणून काम करतो, परदेशी साप पाळत नाही, परंतु पांढऱ्या सापाविषयी एक गोष्ट जोडावीशी वाटते. आमच्याकडे शेतात किंवा विहिरीच्या कडेला पांढरा साप निघाला की लोक दूरध्वनी करतात, आणि पहिला प्रश्न मी डोळ्यांचाच विचारतो. डोळे लाल असतील तर तो अल्बिनो. अंग पांढरे आणि डोळे काळे किंवा निळसर असतील तर तो ल्युसिस्टिक, म्हणजे काळा रंग बनवण्याची क्षमता शाबूत असून त्वचेत रंगपेशीच पोहोचलेल्या नसतात. कॉर्न स्नेकमध्ये पाल्मेटो नावाचा मॉर्फ आहे, पांढऱ्या अंगावर रंगीत शिंतोडे असलेला, आणि त्याचे डोळे काळे असतात, असे मी वाचले आहे. त्यामुळे कोणी काळ्या डोळ्यांचा पांढरा साप ‘स्नो’ म्हणून दाखवला तर ते नाव निश्चित चूक आहे, एवढे दुरूनही सांगता येते.

हे वाचणाऱ्या तरुण मंडळींसाठी एक विनंती. कॉर्न स्नेकला आपल्याकडील सर्वांत जवळचा वाटणारा साप म्हणजे तस्कर. एकेकाळी दोघेही एलाफे या एकाच प्रजातीत गणले जात असत, आणि तस्करही बिनविषारी व देखणा आहे. म्हणून काही जण शेतातला तस्कर किंवा धामण पकडून डब्यात ठेवतात, आणि वेगळ्या रंगाची मिळाली तर अधिकच हौसेने. भारतातील साप वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहेत आणि त्यांना घरात ठेवणे हा गुन्हा आहे. अल्बिनो असला तरी तो वन्य सापच असतो. वन विभागाला कळवावे आणि त्याच्या मूळ जागेजवळ त्याला सोडू द्यावे.

मांजराकाठ, लातूर

देवगिरी सर आणि गोदाकाठ सर, दोघांचेही मनापासून आभार. मादीने परवा कात टाकली आणि नराने गेल्या आठवड्यात. सांगितल्याप्रमाणे सकाळी सातच्या सुमारास, अंगणातील लिंबाच्या सावलीत, पांढऱ्या कागदावर छायाचित्रे काढली आहेत.

मादीच्या बाहुल्या गुलाबी-लाल आहेत. दिवसाच्या उजेडात पाठीवरचे गुलाबी ठसे आणि त्यांच्या भोवतालची पिवळसर पांढरी किनार रात्रीपेक्षा अधिक स्पष्ट दिसली. पोटावर अतिशय फिकट, पांढऱ्यावर पांढऱ्या अशा चौकटी आहेत, आणि तिरक्या उजेडात पाहिल्याशिवाय त्या कळत नाहीत. जुन्या फोनमध्ये तिचे तीन आठवड्यांची असतानाचे एक छायाचित्र सापडले. त्यात ती गुलाबी असून ठसे ठळक दिसतात आणि पिवळा रंग कुठेही नाही.

नराच्या पोटाने मला आश्चर्यात टाकले. त्यावर एकही चौकट नाही, संपूर्ण पोट फिकट व एकसारखे आहे. त्याच्या पाठीकडेही मी आजवर नीट पाहिले नव्हते असे म्हणावे लागेल, कारण ठसे सुटे नसून दोन्ही बाजूंनी एकमेकांना जोडलेले आहेत आणि त्यांच्या मधोमध फिकट रंगाचे गोल तयार झाले आहेत. साखळीच्या कड्यांसारखी ही नक्षी मानेपासून शेपटीपर्यंत जाते. त्याचे डोळे सामान्य आहेत, बाहुली काळी आहे.

मादीच्या पोटाच्या शेवटच्या भागात काही खवले तांबूस दिसत आहेत. हा तिच्या गुलाबी रंगाचाच भाग आहे असे मी समजत होतो, परंतु डब्यातून खालून पाहिल्यावर तो रंग एका बाजूला अधिक असल्याचे लक्षात आले. हे सामान्य आहे का?

पशुवैद्य, परभणी

या शेवटच्या ओळीसाठी थांबून लिहितो आहे, कारण ती मॉर्फच्या प्रश्नापेक्षा अधिक तातडीची आहे. पांढऱ्या किंवा गुलाबी सापांत मालकाची फसगत नेमकी इथेच होते. मॉर्फचा गुलाबी रंग ठशांच्या आकारात असतो, दोन्ही बाजूंना सारखा असतो आणि एका कातीपासून दुसऱ्या कातीपर्यंत फारसा बदलत नाही. पोटाच्या रुंद खवल्यांवर एका बाजूला आलेली, खवल्यांच्या कडांशी अधिक गडद असलेली लाली ही बहुतेक वेळा त्वचेच्या दाहाची खूण असते. पावसाळ्यात आपल्याकडे हवा दमट राहते, आणि डब्यातील नारळाच्या भुश्याचा तळ वरून कोरडा दिसला तरी खाली ओला असतो. साप त्यावर दिवसभर पडून राहतो आणि पोटाचे खवले आधी लाल, मग तपकिरी होऊन शेवटी त्यांवर फोड येतात. तापवणारा पट्टा नियंत्रकाशिवाय लावला असेल तर भाजल्यामुळेही नेमकी अशीच लाली येते, म्हणून तीही शक्यता तपासावी.

आजच सर्व भुसा काढून कोरडे साधे कागद अंथरा, पाण्याचे भांडे लवंडणार नाही असे ठेवा, आणि गरम बाजूच्या पृष्ठभागाचे तापमान मोजा. ते ३० ते ३१ अंशांच्या आसपास असावे, थंड बाजू २३-२४ अंशांवर असावी. घरगुती मलम किंवा हळद लावू नका. तीन-चार दिवसांत लाली कमी झाली नाही, किंवा खवल्यांखाली पाणी दिसले, तर सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करण्याचा अनुभव असलेल्या पशुवैद्यकाला दाखवा. आपल्याला उदगीरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे आणि परभणीलाही महाविद्यालय आहे. सापावर उपचार करू शकणारे अध्यापक उपलब्ध आहेत का, हे आधी दूरध्वनीवरून विचारून मगच प्रवास करावा, कारण सापाला उन्हात किंवा बंद गाडीत विनाकारण हिंडवणे त्याच्यासाठी धोक्याचे असते.

या मादीची तब्येत पूर्ववत झाल्याखेरीज जोडी लावण्याचा विचार करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

देवगिरी, छत्रपती संभाजीनगर

पशुवैद्य सरांच्या मताशी मी पूर्ण सहमत आहे. आधी त्यांचे ऐकावे आणि मग खालचे वाचावे.

नव्या छायाचित्रांवरून नराविषयी आता पुष्कळ सांगता येते. पोटावर चौकटी नसणे हे मोटली आणि स्ट्राइप या नक्षीच्या मॉर्फचे ठळक लक्षण आहे. पाठीवर सलग रेषा असत्या तर स्ट्राइप म्हटले असते, परंतु आपण वर्णन केलेली कड्यांची साखळी ही मोटलीची नक्षी आहे. डिफ्यूज्ड मॉर्फमध्येही पोटाच्या चौकटी जातात, परंतु त्यात बाजूची नक्षी विरघळल्यासारखी पुसट होते आणि डोक्यावरची नक्षी लांबट होते. आपल्या सापात तसे काही नाही. म्हणून रंगाने कॅरॅमल आणि नक्षीने मोटली असे मी म्हणेन. एक शंका मात्र मी उघडी ठेवतो. कॅरॅमलमध्ये हायपो मिसळला की त्याला अ‍ॅम्बर म्हणतात आणि त्याच्या ठशांची किनार फिकी असते. मोटलीमुळेही किनार फिकी पडते. त्यामुळे या सापात हायपो आहे की नाही, हे किनारीवरून ठरवता येणार नाही, आणि कोणी छायाचित्र पाहून खात्रीने सांगितले तर त्यावर विसंबू नये.

मादी बहुतांशी स्नो आहे. लाल बाहुल्यांमुळे अ‍ॅमेल निश्चित झाला. वाढत्या वयाबरोबर गळ्यावर आलेला पिवळा रंग आणि मोठेपणीही टिकून राहिलेले ठसे हे दोन्ही अ‍ॅनरीच्या बाजूने बोलतात. ‘बहुतांशी’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरला आहे, कारण काही ब्लिझर्डमध्येही ठशांच्या कडेला थोडा पिवळेपणा दिसतो.

आता जोडीविषयी, आणि इथे आपली अपेक्षा मोडावी लागेल याचे मला वाईट वाटते. वर आलेले अ‍ॅमेल, अ‍ॅनरी, चारकोल, कॅरॅमल, मोटली हे सर्व मॉर्फ अप्रभावी आहेत, म्हणजे एकाच जनुकाच्या दोन्ही प्रती बदललेल्या असतील तरच ते दिसतात, एक प्रत आईकडून आणि एक वडिलांकडून. स्नो मादी प्रत्येक पिल्लाला अ‍ॅमेल आणि अ‍ॅनरीची एकेक प्रत देईल, कॅरॅमल मोटली नर कॅरॅमल आणि मोटलीची एकेक प्रत देईल, आणि जुळणारी दुसरी प्रत कोणालाच मिळणार नाही. नराच्या अंगात अ‍ॅमेल किंवा अ‍ॅनरी लपलेला नसेल तर सगळीच्या सगळी पिल्ले साध्या, निसर्गातल्या सापासारख्या लाल-नारिंगी रंगाची निघतील.

हे मी पुस्तकी बोलत नाही. २०१९ मध्ये मी स्नो मादी आणि कॅरॅमल नर यांची जोडी लावली होती. त्या वेळी मला हा हिशेब पुरता समजलेला नव्हता. बारा अंडी, साधारण दोन महिने उबवण, रोज सकाळी तापमानाची नोंद, आणि शेवटी एकामागून एक बारा पिल्ले बाहेर आली, सर्व लाल, काळ्या किनारीची, पोटावर नीट चौकटी असलेली. पांढऱ्या आणि पिवळ्या सापांच्या पोटी लाल पिल्ले पाहून घरातल्यांनी मला विचारले की अंडी बदलली तर नाहीत ना. त्या बारा पिल्लांकडे पाहताना मला पहिल्यांदा समजले की माझ्या मादीमधून लाल रंग नाहीसा झालेला नव्हता, त्याची एक पायरी तुटलेली होती, आणि नराने ती पायरी परत दिली. आज माझ्याकडे त्यांतली दोन पिल्ले आहेत आणि ती मला सर्वांत प्रिय आहेत.

यामागचे शास्त्र गेल्या काही वर्षांत अधिक स्पष्ट झाले आहे. जिनिव्हा विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवून दिले की कॉर्न स्नेकमधील अ‍ॅमेल हा ओसीए-२ या जनुकात डीएनएचा एक उपरा तुकडा शिरल्यामुळे होतो. हेच जनुक माणसाच्या त्वचेच्या आणि डोळ्यांच्या रंगातही काम करते. त्याच विद्यापीठातून २०२० मध्ये लॅव्हेंडरचे मूळ एलवायएसटी या जनुकात असल्याचे पुढे आले. हे जनुक केवळ काळ्या रंगावर नव्हे तर सर्वच रंगपेशींवर परिणाम करते, आणि म्हणूनच लॅव्हेंडरमध्ये कोणताही एक रंग ‘गेला’ असे आपल्याला म्हणता येत नाही, सगळाच साप जांभळट-करडा होतो. ‘कोणता रंग गेला’ ही माझी वरची पद्धत लॅव्हेंडरपाशी अपुरी पडते, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे.

मादी स्नो की ब्लिझर्ड हे खात्रीने ठरवायचे असेल तर तिची जोडी वंशावळ माहीत असलेल्या अ‍ॅनरी नराशी लावावी. ती स्नो असेल तर प्रत्येक पिल्लू अ‍ॅनरी निघेल. ती ब्लिझर्ड असेल, आणि तिच्यात अ‍ॅनरी लपलेला नसेल, तर सर्व पिल्ले लाल निघतील. मात्र घाई करू नये. मादी तीन वर्षांची, तीन फुटांची आणि तीनशे ग्रॅमची झाल्याशिवाय तिला अंड्यांवर घालू नये असा पाळणाऱ्यांचा जुना संकेत आहे. आपली मादी लांबीत बसते, वयात आणि वजनात बसत नाही.

याहून सोपा एक मार्ग आहे. ज्यांच्याकडून ती आली त्यांना तिच्या भावंडांविषयी विचारा. एका वेळच्या सर्व पिल्लांचे रंग कळले तर जोडी न लावताही पुष्कळ उलगडा होईल.

मांजराकाठ, लातूर

उशिरा लिहितो आहे, क्षमस्व. आधी मादीविषयी : कागद अंथरल्यापासून पाचव्या दिवशी लाली उतरू लागली. भुश्याचा खालचा थर खरोखरच ओला होता आणि त्याला वास येत होता. तरीही उदगीरला दूरध्वनी करून, वेळ ठरवून, तिला दाखवून आणले. खवल्यांत पाणी झालेले नाही, कोरडे ठेवण्याव्यतिरिक्त सध्या काही करण्याची आवश्यकता नाही, असे सांगितले. तिने काल पुन्हा उंदीर घेतला. पशुवैद्य सर, आपण वेळेवर लिहिलेत म्हणून हे झाले, आपले ऋण मी विसरणार नाही.

आता भावंडांविषयी. ज्या परिचितामार्फत ती आली त्यांनी मूळ पाळणाऱ्यांशी बोलणे करून दिले. त्यांच्या वहीत त्या वेळची नोंद होती : एकूण १४ पिल्ले, त्यांपैकी ८ साधी लाल, ३ काळा रंग नसलेली लाल-नारिंगी, २ करडी आणि १ पांढरे. ते पांढरे पिल्लू म्हणजे माझी मादी. आईवडील दोघेही दिसायला साधेच होते. ‘ब्लिझर्ड’ हे नाव त्यांनी दिलेलेच नव्हते, वहीत केवळ ‘पांढरे’ असा शब्द आहे. मधल्या हातांत कुठेतरी ते नाव चिकटले. दोन करड्यांपैकी एक मादी अजून त्यांच्याकडेच आहे, आणि मी विचारण्याआधीच त्यांनी सांगितले की तिचा गळा आता हळदीसारखा पिवळा झाला आहे. त्यांनी छायाचित्रही पाठवले, ते सोबत जोडतो.

नराची मात्र काहीच माहिती मिळाली नाही. तो दोन-तीन हातांतून आलेला आहे.

देवगिरी, छत्रपती संभाजीनगर

छायाचित्र पाहिले. करडे अंग, काळे ठसे आणि पिवळा गळा, ही नमुनेदार अ‍ॅनरी आहे. करडी बहीण अ‍ॅनरी, काही भावंडे अ‍ॅमेल, आणि दोन्ही एकत्र आलेली ती एकटी पांढरी, म्हणजे आपली मादी स्नो आहे. आता मी ‘बहुतांशी’ हा शब्द मागे घेतो. साध्या दिसणाऱ्या आईवडिलांच्या अंगात अ‍ॅमेल आणि अ‍ॅनरी हे दोन्ही लपलेले असतील तर सोळा पिल्लांमागे सरासरी नऊ साधी, तीन अ‍ॅमेल, तीन अ‍ॅनरी आणि एक स्नो असे प्रमाण पडते. चौदा पिल्लांत आठ, तीन, दोन आणि एक, हे त्याला धरूनच आहे.

त्या पाळणाऱ्यांकडे त्या वेळच्या साध्या लाल पिल्लांपैकी कोणी उरले असेल तर तेही जरूर नोंदवून घ्या. अशा प्रत्येक साध्या पिल्लात अ‍ॅमेल लपलेला असण्याची शक्यता तीनात दोन, आणि अ‍ॅनरीचीही तितकीच. विक्रीच्या डब्यांवर ‘६६ टक्के हेट’ (हेट म्हणजे बदललेल्या जनुकाची एकच, न दिसणारी प्रत बाळगणारा) असे जे लिहिलेले असते ते इथून येते, आणि आईवडिलांची नोंद नसेल तर त्या आकड्याला काहीही आधार राहत नाही.

नराच्या डब्यावर ‘दिसण्यावरून कॅरॅमल मोटली, आईवडील अज्ञात’ असे लिहा, आणि पुढे तो कोणाला दिला तर ही चिठ्ठी जशीच्या तशी सोबत द्या. मादीच्या चिठ्ठीवर १४ पिल्लांची ती संपूर्ण नोंद उतरवून घ्या, आणि तिच्या अ‍ॅनरी बहिणीचे छायाचित्र त्याच पाकिटात ठेवा.